भिजत घातलेली होडी

घट उठले की मी माठातली तुरटी काढून डब्यात ठेवून देते. खरं तर आता शिरूरला नळाचं पाणी गाळून येतं, आणि सुनेनं भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवल्यालाही बरीच वर्षं झाली. तरी पावसाळाभर मी माझ्यापुरत्या माठात तुरटी फिरवते आणि दसऱ्याच्या सुमाराला थांबते. सून म्हणते, "आत्या, स्वच्छ पाण्यात तुरटी कशाला?" मी म्हणते, "तुझं काय जातंय?" हे काही उत्तर नव्हे, पण माझ्या वयाला एवढं खपून जातं.

मग एखाद्या दिवशी उन्हं उतरल्यावर घोडनदीच्या काठाला जाते. गुडघे कुरकुरतात, रस्त्यावर ट्रकांची ही रांग, कंपन्यांच्या बसगाड्या अंगावर येतात, पण जाते. पाणी निवळलंय का, एवढंच बघायचं असतं. आता धरणवाले सोडतील तेव्हा नदीला पाणी, आणि जलपर्णीखाली ते निवळलं काय न् न निवळलं काय. पूर्वी तसं नव्हतं. पावसाळाभर नदी चहासारखी तांबडी वाहायची, आणि मग वरच्या अंगाचे पाऊस थांबले की गाळ दिवसादिवसानं खाली बसत जायचा. आमच्या आईचं माप सोपं होतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून आपल्या पायाची बोटं दिसली की पाणी निवळायला लागलं. गुडघ्याएवढ्या पाण्यात दिसली की तुरटी बंद.

लोकांना हे दिवस फार आवडतात. झेंडू, बाजरीची खळी, पहाटेचा गारवा. दिवाळी अंकांतून तर या दिवसांवर इतकं गोड गोड लिहून येतं की वाचताना दात शिवशिवतात. मला हे दिवस आवडत नाहीत. आणि ते आले नाहीत तर मला करमायचंही नाही. निवळलेलं पाणी बघितलं की माझ्या डोळ्यांपुढे त्याच्या तळाशी बसलेली एक तांबडी होडी येते. ती माझ्या थोरल्या भावानं, दत्तूदादानं, आपल्या हातांनी जोडली होती. होडी समुद्रातली होती, आणि दादानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

पन्नास साल उलटून गेलेलं होतं. आम्ही मूळचे निमोण्याचे. आबा, म्हणजे आमचे वडील, गावी शेती करत आणि दादा दौंडला रेल्वेत फायरमन होता. आई गेल्यावर त्याच्या जेवणाचे हाल होतात म्हणून आबांनी मॅट्रिक झालेल्या मला त्याच्या क्वार्टरमध्ये धाडलं. दौंड तेव्हा सगळं कोळशावर चालायचं. दोरीवर घातलेले कपडे वाळेपर्यंत पुन्हा मळायचे, भाकरीच्या पिठात काजळीचा कण सापडायचा, आणि शंटिंगचा धडधडाट थांबला तर चुकल्यासारखं वाटायचं. दादा इंजिनावरून उतरून यायचा तेव्हा त्याचे फक्त दात आणि डोळे ओळखू यायचे. त्याच्या अंघोळीला पाणी तापवता तापवता माझी कुरकुर चालायची आणि ती ऐकत तो बाहेरच्या दगडावर बसून हसायचा.

मग त्याला धाप लागायला लागली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तो म्हणे काळजाला बाधला. काळजाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी त्याला इंजिनावरून उतरवलं आणि शेडच्या स्टोअरमध्ये बसवलं, पाने-हातोड्या देण्याघेण्याच्या कामावर. जिना चढायचा नाही, सायकल मारायची नाही, ओझं उचलायचं नाही. ज्यानं कोळशाची फावडी मारून मेलगाडी पळवली त्याला घरात पाण्याची बादली उचलायची बंदी. तो कुणाजवळ रडगाणं गायला नाही. शिट्टी ऐकू आली की कोणतं इंजिन आहे तेवढं सांगायचा आणि पुन्हा भाकरी मोडायला लागायचा. त्या वेळी मला त्याच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी चुलीत उगीच लाकडं सारत बसायची.

डिक्सनसाहेब हे त्याचे जुने ड्रायव्हर. अँग्लो-इंडियन माणूस, आवाज इंजिनाच्या वरताण. त्यांचं सगळं घर ऑस्ट्रेलियाला निघालं, तसं बंगल्यातलं सामान वाटून टाकायला काढलं. त्यात एक लांबलचक लाकडी पेटी होती, विलायतेहून मागवलेली आणि कधीच न उघडलेली. आत एका होडीचे सुटे भाग होते. समुद्रात चालवायची, एका माणसाची, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली. साहेब तिला कयाक म्हणत. निवृत्त झाल्यावर कारवारला जाऊन ती जोडायची आणि रोज सकाळी समुद्रात न्यायची, असं त्यांच्या मनात होतं. ती पेटी त्यांनी हमालांकरवी आमच्या दारात आणून ठेवली. "दत्तू, इसमें चलना नहीं पडता," ते म्हणाले. "आदमी बैठता है, पानी चलता है." मग दादाच्या पाठीवर मारायला उचललेला हात त्यांनी मधेच आवरला आणि नुसताच अलगद ठेवला.

साहेब गेले आणि त्यांच्या त्या एका वाक्यानं दादाला पछाडलं. चालायचं नाही, चढायचं नाही, उचलायचं नाही. पण बसून पाण्यावरून जायला कुठल्या डॉक्टरनं मनाई केली होती? समुद्र दौंडला नव्हता तर नव्हता, भीमा होती. ती रेल्वेच्या पुलाखालून जाते, कुठं कुठं फिरत कृष्णेला मिळते आणि पुढं समुद्रालाच जाते, हे त्यानं शाळेत पाठ केलेलं होतं. तेच मला त्यानं पुन्हा पुन्हा ऐकवलं. "शकू, पाणी निवळलं की पहिल्यांदा पुलाखालून जायचं. वरनं मेल जाईल तवा मी खाली असंल. ड्रायव्हरला हात करीन."

पेटी उघडली तेव्हा परक्या लाकडाचा वास सगळ्या घरात पसरला. पातळ प्लायवुडचे कापून ठेवलेले तक्ते, माशाच्या फासळ्यांसारखे दिसणारे आडवे साचे, लांब लांब पट्ट्या, पितळी स्क्रूंची पुडकी, दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं, आणि घडी उलगडली की आमची खाट झाकून टाकणारा नकाशा. चिकटवायच्या पावडरीचा डबाही होता, पण तो विलायतेहून येताना बोटीच्या दमट हवेत दगड होऊन बसलेला. इथं युसूफभाई आले. रेल्वेचे डबे दुरुस्त करायच्या कामावर ते सुतार होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दौंडातलंच, आणि दादाशी त्यांची मैत्री इतकी की ते आले म्हणजे मी न विचारता त्यांच्या वाटणीची भाकरी टाकायची. दगड झालेला डबा त्यांनी वाजवून बघितला आणि बाजूला ठेवला.

"काय अडत न्हाई, दत्तू. आपण सरस लावू. डब्यांच्या फळ्या सरसावरच उभ्या हायेत की. फक्त वरून रंग पक्का बसला पायजे, आन् आत पाणी साचून द्यायचं न्हाई. फिरून आली की पुसायची आन् उलटी ठेवायची."

तो सरस माझ्या शेगडीवर शिजायचा. जनावराच्या कातड्या-हाडांचा डिंक तो. त्याचा वास पडद्याला, चादरीला, माझ्या केसांनासुद्धा लागायचा. मी भांडायची. दादा म्हणायचा, "तुझ्या आमटीपरीस बरा हाय." आखाडापासून ते काम चाललं. बाहेर पाऊस, आणि मागच्या अंगणात कडुनिंबाखाली, वॅगनवरच्या जुन्या ताडपत्रीच्या आडोशाला ती होडी पालथी घातलेली. दादा चार स्क्रू पिळायचा आणि खाली बसायचा. ओठ निळसर पडायचे. मग पुन्हा उठायचा. मी त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला तर चिडायचा, म्हणून नकाशावरचे इंग्रजी शब्द वाचून दाखवायच्या निमित्तानं मी तिथंच बसून राहायची. निम्म्या शब्दांचा अर्थ आम्हा दोघांनाही कळायचा नाही, पण चित्रं नीट काढलेली होती.

त्या पावसाळ्यातला दादा मला अजून दिसतो. कामावरून आला की चपला काढायच्या आधी तक्त्यावरून हात फिरवून बघायचा. काचकागद घासून त्याची बोटं गुळगुळीत झाली होती. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर एक ओशाळलेपण असतं, घरातल्यांना आपला भार होतोय असं. ते त्याच्या चेहऱ्यावरून तेवढ्या महिन्यांत पार पुसून गेलं होतं. मला त्या होडीचा एरवी राग होता. तिनं अंगण अडवलं होतं, शेगडी अडवली होती. पण एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला मनातल्या मनात हळद-कुंकू वाहत होते.

आबा मधूनच गावाकडून बैलगाडी घेऊन यायचे, बाजरी आणि गूळ टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत निघायचे. त्यांनी ती होडी पहिल्यांदा बघितली तेव्हा कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फेरी मारली.

"ह्यात बसायचं का ह्ये पायात घालायचं रं?"

आबांना होडी म्हणजे काहील. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. नदीला पूर आला की तीच पाण्यात लोटून आमच्याकडे माणसं पैलतीराला नेत. तिच्यात बसणाऱ्या कुणाला तोल असतो, दिशा असते असं नाही. गरगर फिरत ती जायची आणि लोक देवाचं नाव घेत कडेला धरून बसायचे. आबा त्यात एकदा बसले होते आणि पुन्हा कधी बसले नाहीत. त्यांना पोहता येत नव्हतं. आपला आजारी मुलगा या निमुळत्या पेटीत एकटा बसून भीमेच्या डोहात जाणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. तरी त्यांनी दादाला नको म्हटलं नाही. त्याला नको म्हणणारे आधीच पुष्कळ झाले होते.

जाताना त्यांनी होडीच्या अंगावर टिचकी मारून कान लावला. "लाकूड लई कोरडं हाय, दत्तू. वाजतंया बघ."

"कोरडंच पायजे, आबा," दादा स्क्रू पिळता पिळता म्हणाला.

बोलणं तेवढ्यावर राहिलं. आबा मान हलवत गाडीत बसले. त्यांचं लाकडाबद्दलचं सगळं शहाणपण त्या गाडीतून आलेलं होतं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत गाडीचं चाक वाळून आकसतं, सांधे सैल होतात, वरची लोखंडी धाव खडखडायला लागते. मग चाकं काढून नदीत आडवी टाकायची, वर दगड ठेवायचे आणि काही दिवस भिजू द्यायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे मिटतात, धाव घट्ट बसते. सगळं गाव हे करायचं. नव्या चाकाला तर कुणी भिजवल्याशिवाय ओझं वाहू देत नसे.

नवरात्रात होडीला शेवटचा रंग लागला. रेल्वेचाच तांबडा रंग, फटींत लांबीचा लगदा भरलेला, कडेनं एक पिवळी रेघ. दादा आणि युसूफभाई शेडमधल्या चार जणांना बोलावून ती खांद्यावरून नदीला न्यायचं ठरवत होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये गार्डाच्या सासूबाई राहत. त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"चौघं खांद्यावर घेऊन निघालात तर बघणाराला काय वाटंल? आन् ती बी दुखणाईत माणसाची वस्तू. गाडीवर न्या, बाबांनो."

युसूफभाईंनी खाली बघितलं. दादाच हसून म्हणाला, "बराबर हाय मावशींचं. आबांना गाडी घेऊन बोलवू." बाजरीचं खळं उरकून आबा यायचे होते, आणि तोवर रंगही चांगला वाळणार होता. त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. मी कितीदा तरी मनात त्यांना दोष देऊन बघितला, तो त्यांना चिकटतच नाही.

आबा आले त्याच दिवशी दादाची छाती भरून आली. त्याला बसून राहिल्याशिवाय श्वास घेता येईना. आम्ही दोघं पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो, आणि घर राखायला आबा दौंडला थांबले. पुण्याला त्याला इंजेक्शनं दिली, पायांवरची सूज उतरवली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. माणूस भला होता, सरळ बोलला. झडप फार खराब झाली आहे, तिच्यावर आपल्याकडे इलाज नाही, पुढचा पावसाळा तो बघेल असं मला वाटत नाही. मग म्हणाला, त्याला काही हवंसं असेल तर करू द्या.

आणि त्याला हवंसं काय होतं, ते मला माहीत होतं. पाणी निवळलेलंही आहे आणि खोलही आहे, असे भीमेचे दिवस थोडेच. संक्रांत झाली की वाळू वर यायला लागते. पुढच्या दसऱ्याची वाट बघायला आम्हाला जागा नव्हती. परतताना रेल्वेत तो खिडकीशी बसला होता. यवत गेलं तशी त्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं, वारा घेतला आणि म्हणाला, "उद्या सकाळी. मी बोललो न्हाई तरी तू इसरू नको." जसं काही मी विसरणार होते.

घरी आलो तर अंगण मोकळं. कडुनिंबाखाली नुसत्या दोन घडवंच्या आणि पिवळ्या रंगाचे थेंब. आबा ओट्यावरून उठून आले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मी आईच्या जाण्यानंतर तसा कधी पाहिला नव्हता.

"नदीवर हाय. तुमी गेलात तवाच गाडीत घालून नेली. भिजत घातलीया. चांगली दगडं भरून बुडवली बघ, आता सांदा न् सांदा मिटला असंल. आता बस म्हणावं पोराला, आता काय भ्या न्हाई."

दादानं मोकळ्या घडवंचीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "चला, बघू या." युसूफभाईंना हाक मारून आम्ही आबांच्या गाडीतूनच नदीला गेलो.

घाटाच्या खालच्या अंगाला, कंबरभर पाण्यात ती होती. पाणी असं निवळलं होतं की तांबडा रंग, पिवळी रेघ, आत भरलेले गोटे, सगळं वरून स्पष्ट दिसत होतं. बारीक मासे तिच्यावरून फिरत होते. वरून बघताना ती अगदी धड वाटत होती. युसूफभाई धोतर खोचून आत उतरले, एकेक दगड काढला आणि आबांनी व त्यांनी दोन टोकांना धरून ती उचलली. तशी ती मधेच दुमडली. तळाची शिवण सबंध उलगडलेली होती. तक्ते साच्यांपासून सुटले, सरस पांढरट बुळबुळीत होऊन युसूफभाईंच्या हातांवरून ओघळला. एक लांब पट्टी सुटून पाण्यावर तरंगत निघाली ती मी पळत जाऊन धरली.

आबांच्या हातात होडीचं टोक होतं. ते एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा आमच्याकडे. त्यांना काही कळत नसावं, असं मला वाटलं. "आसं कसं झालं?" ते म्हणाले. "चाकं तर घट व्हत्यात."

युसूफभाई बोलायला वळले. सरसाला पाणी चालत नाही, हे ते सांगणार होते. त्यांच्या तोंडावर ते आलेलं मी बघितलं. तेवढ्यात दादा हसला. धाप लागलेली असताना जेवढं हसता येतं तेवढं.

"आबा, लई बरं केलं तुमी. सरस कच्चा हुता. मला शंकाच हुती. आता इथं सुटली ते बरं. मी बसल्यावर मधल्या डोहात सुटली असती म्हंजी?"

मग युसूफभाई हात धूत म्हणाले, "व्हय आबा. सरस माझाच कच्चा राहिला. चूक माझी."

ज्या माणसानं आयुष्यभर लाकूड जोडलं, ज्याच्या सांध्यात कधी कुणी नख घालू शकलं नाही, त्यानं ते म्हटलं. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि त्यांचा श्वास सुटला. "व्हय का? मंग बरंच झालं म्हनायचं."

दादानं पायजमा वर केला आणि हळूहळू पाण्यात शिरला. गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. त्यानं खाली बघितलं. "शकू, बोटं दिसत्यात बघ," तो म्हणाला. पुलावरून एक मालगाडी चालली होती. ती जाईपर्यंत तो तसाच उभा होता. त्यानं हात मात्र केला नाही.

खोटं बोलू नये असं शाळेत शिकवतात, आणि मीही पुढे माझ्या पोरांना तेच शिकवलं. पण त्या घाटावरचं खोटं मी कुणाला खोडू दिलं नसतं. आबा तर ते सगळीकडे सांगत सुटले. कुणी होडीचं विचारलं की सांगायचे, "मी भिजवली म्हणून पोरगं वाचलं, न्हाईतर डोहात गेलं असतं." दादाच्या देखत सांगायचे, पुन्हा पुन्हा सांगायचे. दादा मान डोलवायचा. मला तेव्हा आबांचा राग यायचा. वाटायचं, किती भोळा असावा माणूस. आणि त्या भोळेपणाची किंमत कुणी भरली, याची त्याला दादही नसावी. मी तोंड फिरवून आत जायची.

युसूफभाईंनी तक्ते सुकवले. पुन्हा जोडू म्हणाले, जोडायला बसलेही. पण दादाला आता अंगणापर्यंत येणं होईना. खाटेवर उशांच्या आधारानं बसून तो विचारायचा, "नदीला पाणी किती हाय?" मी म्हणायची, पुष्कळ आहे. संक्रांत झाली, वाळू वर आली, बायका मधल्या धारेत बसून धुणं धुवायला लागल्या, तरी मी म्हणायची पुष्कळ आहे. होळीच्या आधी दादा गेला. त्याला नेताना चौघांचे खांदे लागले. गार्डाच्या सासूबाई कुंपणापाशी पदर तोंडात धरून रडत होत्या.

सुटे भाग पुन्हा त्या पेटीत गेले आणि पेटी युसूफभाईंकडे. वल्हं तेवढं आबांनी गाडीत घातलं. निमोण्याला आमच्या गोठ्यात ते आढ्याला अडकवलेलं असायचं. क्वार्टर सोडून मीही गावी आले. दौंडचा तो धडधडाट कानांतून जायला किती दिवस लागले.

गावी आल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, पण तिचा अर्थ लागायला वेळ गेला. आबा होडीची ती गोष्ट सांगेनासे झाले होते. कुणी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. आणि चैत्र-वैशाखात सगळ्या गावाची चाकं पाण्यात पडायची, तेव्हा आमच्या गाडीची पडायची नाहीत. धाव सैल होऊन खडखडायची. आबा तिच्याखाली पाचरी ठोकायचे, लोहाराकडे नेऊन धाव आवळून आणायचे, वाटेत थांबून दगडानं ठोकायचे. लोक चेष्टा करायचे. आमची गाडी शिवेवर आली की घरात कळायचं, आले आबा. म्हातारा दुःखानं हट्टी झाला, असं मीही धरून चालले.

माझं लग्न होऊन मी शिरूरला आले. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात माहेरी निघाले होते. आबा मला गाडीतून आणत होते आणि बैलांना पाणी पाजायला नदीपाशी थांबले. पाणी थोडं होतं, पण निवळ होतं. कुणाकुणाची चाकं त्यात आडवी घातलेली, दगडांखाली आरे न् आरे दिसत होते.

मी सहज म्हटलं, "आबा, आपली पण टाकू या की. धाव निसटंल एक दिवस."

"निसटू दे."

ते त्या चाकांकडे बघत होते. बैलांचं पाणी पिऊन झालं तरी त्यांनी कासरा ओढला नाही.

"शकू, युसूफभाईचा सरस कच्चा नव्हता ना?"

आबांनीच पुढं सांगितलं. "मला तवाच कळलं. टोक हातात आलं तवाच. पर पोरगं माझ्यासाठी एवढं खोटं बोललं, मंग मी बी खरं मानलं. त्याला दिसावं म्हणून सांगत फिरलो सगळ्यांना." इतकी वर्षं मी ज्याला भोळेपणा समजून तोंड फिरवत होते, ते हे होतं.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "नसती भिजवली, तर तरंगली असती का गं ती?"

नाही म्हणणं सोपं होतं. दादा तेच म्हणाला होता, युसूफभाई तेच म्हणाले होते, आणि माझ्या एका शब्दानं म्हाताऱ्याच्या उरावरचा धोंडा उतरला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे काचकागदानं गुळगुळीत झालेली दादाची बोटं आली. तक्त्यावरून फिरणारा हात आला.

"तरंगली असती, आबा," मी म्हटलं. "चांगली तरंगली असती."

आबांनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. मग हळूहळू त्यांची मान हलायला लागली.

"मंग बास," ते म्हणाले. "पोरानं नीट केली हुती."

त्यांनी कासरा ओढला. सैल धावेचा खडखडाट करत आमची गाडी नदीतून वर चढली आणि गावाकडे लागली.